टोपलीभर शेत

नोकरीला चिकटलो त्या वर्षी माझी पक्की समजूत होती, की माझ्यासारखं कचेरीचं मराठी अख्ख्या मराठवाड्यात कुणाला लिहिता येत नाही. वय चोवीस. अक्षर सुरेख, आणि ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘प्रयोजन’ हे शब्द कुठं बसवायचे ते नेमकं ठाऊक. अक्कल झाकायला माणसाला एवढं पुरतं.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि पाऊस दगा देऊन गेला होता. जिल्हा झाल्यामुळं शहरात खोल्या मिळेनात, आणि दुष्काळ पडल्यामुळं माझ्यासारख्या भोकरकडच्या पोराला दुष्काळी कामांच्या एका तात्पुरत्या कचेरीत कारकुनी मिळाली. खोली मिळाली ती शहराबाहेरच्या एका खेड्यात, एका शेतकरी बाईच्या घरी. त्यांना मी मावशी म्हणायचो. त्यांचे मालक बैलं घेऊन चारा छावणीवर जाऊन बसले होते. मावशी आमच्याच कचेरीनं काढलेल्या रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायच्या. सकाळी मी सायकलवर निघायचो, त्या पायी. संध्याकाळची भाकरी त्यांच्याकडंच.

आमचे साहेब पुण्याकडचे. माणूस सज्जन, पण त्यांना प्रत्येक गोष्टीचं कारण लागायचं. एक दिवस बोलावून म्हणाले, “ही वेळ अमावस्या काय भानगड आहे? मुकादम म्हणतो, त्या दिवशी कामावर कुणी यायला तयार नाही. एक पान लिहून द्या. सणाचा अर्थ काय, करतात काय आणि काम बंद ठेवण्याची गरज आहे का.”

आमच्या भोकरकडं ह्या सणाचं एवढं कौतुक नाही. म्हणून कचेरीत विचारत फिरलो. शिपाई म्हणाला, “येळवस म्हंजे येळवस. त्याचा अर्थ काय पुसायलाव?” हेडक्लार्कांनी पांडवांना वनवासातून थेट लातूरच्या शिवारात आणून उभं केलं. तिसरा एकजण जेवणाचं सांगायला लागला तो हिरव्या शेंगांच्या भज्जीपाशी येऊन अडकला, पुढं त्याला काही सुचेचना.

शेवटी संध्याकाळी मावशींना विचारलं. त्या चुलीपुढं भाकरी थापत होत्या.

“काय लिवायलास रे?” त्या म्हणाल्या. “लिव मग. रानात कडब्याची कोपी करायची. आत पाच दगड मांडायचे, चुन्यानं रंगवून. ते पांडव. दगड आपल्याच रानातले पायजेत, दुसऱ्याचे न्हाई चालत. पूजा झाली की अंबिलीचं मडकं घ्यायचं, अन ‘होलगे होलगे सालम पोलगे’ म्हणत, शिंपडत रानाला फेरा मारायचा. अन बांधावरनं जो कुणी जाईल त्याला जेवाय हाक मारायची. मग कुणीबी असू दे.”

“पण ह्याचा अर्थ काय, मावशी?”

“अर्थ कशाचा आलाय! रानाला जेवाय घालायचं. एरवी ते आपल्याला घालतंय.”

हे वाक्य मी उतरवून घेतलं नाही. कचेरीच्या कागदात ते शोभलं नसतं.

भाकरी तव्यावर टाकून त्या म्हणाल्या, “ह्या घरात नांदाय आल्यापस्नं एक येळवस चुकली न्हाई माझी. बाळंतीण व्हते, तवाबी लेकरू कडंला घेऊन गेलते. यंदा मालक न्हाईत, मलाच सगळं करावं लागणार. तेवढी एका दिसाची सुट्टी बघ बाबा. खाडा केला की मुकादम नाव कापतोय.”

“अहो मिळेल की!” मी छाती फुगवून म्हणालो. “साहेब माझ्या शब्दाबाहेर नाहीत.”

मग खोलीत बसून टिपणी लिहिली. कोपी, पांडव, अंबील, सगळं एका पानात झकास बसवलं. पण टिपणीला निष्कर्ष लागतो, आणि खाली चार ओळींची जागा रिकामी राहिलेली मला बघवेना. सायकलवरून येता-जाता दोन्ही बाजूंची रानं उघडीबोडकी दिसत होतीच. मी लिहिलं: ‘उपरोक्त सण हा उभ्या रब्बी पिकाच्या पूजनाचा आहे. सबब, चालू वर्षी शेतात पीक उभे नसल्याने सदर सण साजरा होण्याचे प्रयोजन दिसून येत नाही.’ लिहून दोनदा वाचलं. स्वतःवरच खूश झालो.

साहेबही खूश झाले. “मुद्देसूद,” म्हणाले, आणि शेवटच्या वाक्याखाली लाल रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी टिपणीचा हवाला देऊन हुकूम निघाला: त्या दिवशी कामे नेहमीप्रमाणे चालू राहतील.

हुकूम हातात आला तेव्हा तोही मी दोनदा वाचला. मावशींची सुट्टी माझ्याच शेवटच्या वाक्यानं खाल्ली होती. तेव्हाच साहेबांकडं जाऊन ‘साहेब, माझं चुकलं’ म्हणता आलं असतं. पण कालच शाबासकी मिळालेली, आज त्यावर पाणी कसं ओतायचं? हुकूम फायलीला लावून टाकला. आज त्या पोराच्या कानाखाली द्यावीशी वाटते, पण तेव्हा तो पोरगा मीच होतो.

संध्याकाळी जेवायला बसलो. मावशी म्हणाल्या, “काम चालूच ऱ्हाणार म्हणं. तू लिवलतास की रं समदं?”

“लिहिलं होतं ना, मावशी,” मी घास गिळून म्हणालो. “सगळं लिहिलं होतं. साहेबच ऐकेनात. परका माणूस, त्याला आपलं काय कळतंय!”

त्यांनी टोपल्यातली भाकरी मोडली. मग ताटात अर्धी भाकरी वाढली आणि म्हणाल्या, “जेव.”

अमावस्येच्या दिवशी साहेब जीपनं तपासणीला निघाले आणि मलाही बरोबर घेतलं. दुपारी रस्त्याच्या कामावर पोचलो तर हातोड्यांचा आवाज बंद. जेवणाची सुट्टी झाली होती, पण बायका सावलीला पांगल्या नव्हत्या, खडीच्या ढिगाआड घोळक्यानं उभ्या होत्या. लहान लेकरांसाठी उभारलेल्या पाचटाच्या छपराखाली त्यांनी पाच दगड मांडले होते. आखणीच्या चुन्यानं रंगवलेले, खाली काळ्या मातीचा थर. खडीच्या त्या जागेत काळी माती आली कुठून, असं साहेबांनी विचारलं.

मुकादम म्हणाला, “त्या मावशीनं आणलीय, साहेब. रान तिचं पल्याडच्या शिवारात. काल काम सुटल्यावर गेलती. माती आन दगड टोपलीत घालून डोक्यावर आणलं.”

मावशी हातात अंबिलीचं मडकं घेऊन त्या टोपलीभर मातीला फेरा मारत होत्या. शेताला फेरा मारायला एरवी बराच वेळ लागत असेल. हा फेरा आठ-दहा पावलांत संपायचा, म्हणून त्या पुन्हा पुन्हा मारत होत्या. त्या म्हणायच्या ‘होलगे होलगे’, आणि बाकीच्या बायका पुढचं ओरडायच्या. मला तिथं उभं राहवेना. पण जीप साहेबांची, जाणार कुठं?

फेरे झाले आणि मावशींनी आमच्याकडं बघून हाक दिली, “या साहेब, जेवाय या! आज बोलावल्यावर न्हाई म्हणू नये.”

साहेब खरंच उकिडवे बसले. बाजरीचे उकडलेले उंडे, सुक्या तुरी अन वाल भिजवून केलेली भज्जी. हिरवी शेंग औषधालाही नव्हती. अंबिलीचं ताक मावशींनी कुठून पैदा केलं, देव जाणे. बौद्धवाड्यातली एक बाई लांब बसलेली होती, तिलाही मावशींनी हाक मारली. ती हसत आली, “पूजा आमच्यात न्हाई बाई, पण जेवणाला कोण न्हाई म्हणतंय!”

साहेबांनी दोनदा अंबील मागून घेतली. मग माझ्याकडं वळून सहज म्हणाले, “अहो, तुम्ही तर लिहिलं होतं, पीक नाही म्हणून सण होणार नाही. ते वाचूनच मी सुट्टी दिली नाही. इथं तर सगळं यथासांग चाललंय.”

माझा हात तोंडापाशीच थांबला. मावशी समोरच वाढत होत्या.

“त्याच्याकडं हा सण न्हाई, साहेब,” त्या म्हणाल्या. “त्याला काय ठाव? मीच सांगाया चुकले आसंन.”

साहेबांनी मान डोलावली. खरं बोलायला ती वेळ चांगली होती. मी तोंड उघडलं ते भज्जीसाठी. इतकी लाज मला पुढं आयुष्यात कधी वाटली नाही.

काम सुटल्यावर मावशी घरी आल्या नाहीत. मी विचारत विचारत त्यांच्या रानात गेलो. सूर्य अजून पुरता बुडाला नव्हता. भेगाळलेल्या काळ्या रानात त्या एकट्याच उभ्या होत्या, आणि आणलेली माती टोपलीतून परत रानात ओतत होत्या. पाच दगड बांधाला लावून ठेवले होते.

“मावशी,” मी म्हणालो, “तुम्ही काही सांगायला चुकला नाहीत. ते वाक्य माझं होतं. साहेबांनी माझंच ऐकलं.”

त्यांनी टोपली उलटी केली आणि बुडाला चिकटलेली माती थापट्या मारून पाडली.

“ठाव हाय,” त्या म्हणाल्या. “हुकूम आला त्याच दिशी मुकादमानं आम्हाला वाचून दावलता. कारकुनाची टिपणी म्हणून तुझं समदं त्यात व्हतं.”

“त्याच दिवशी? मग संध्याकाळी मी तोंडावर खोटं बोललो, तेव्हा काहीच कसं बोलला नाहीत?”

“बोलणार व्हते,” मावशी म्हणाल्या. “पर तू ताटावर बसला व्हतास.”