खोंड विरुद्ध वळू

"आधी वजन सांगा."

तुम्ही सरांपुढे कुठलीही झुंज मांडा, पहिलं वाक्य हेच यायचं. हातातला खडू टेबलावर ठेवायचे, दोन्ही तळवे तराजूच्या पारड्यांसारखे समोर धरायचे आणि थांबायचे. जनावराला पंख आहेत की त्याच्या तोंडातून जाळ येतो, ते नंतर. वजन न सांगता झुंज सांगणाऱ्याला सर दारात उभं करायचे नाहीत.

आमची शाळा कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत. मी तिथं मराठी शिकवायला लागले तेव्हा नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. मी मुरगूडची, तोंडानं फटकळ, हे सगळी शाळा पहिल्या आठवड्यातच ओळखून होती. त्याच आठवड्यात विज्ञान शिकवणारा हा पस्तिशीचा, काडीसारखा बारीक माणूस माझ्यासमोर येऊन बसला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "बाई, उडणारी म्हैस आणि जाळ ओकणारी शेळी. तुमचं मत काय?"

मी म्हटलं, "माझं मत असं, की तुम्ही कुणालातरी दाखवून घ्या."

सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "म्हैस साडेचारशे किलोची धरली आहे. एवढं धूड हवेत उचलायचं तर पंख आपल्या पटांगणाएवढे लागतील. ते हलवायला छातीचे स्नायू किती लागतील बघा. स्नायू वाढले की वजन वाढलं, वजन वाढलं की पंख आणखी मोठे. समजा, उडाली तरी. उतरताना काय? चार काटकुळ्या पायांवर तो सगळा वेग थांबणार. म्हैस शेळीला हरत नाही हो, ती जमिनीला हरते."

तुम्हीच सांगा, अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

मुलांचा मात्र सरांवर जीव. नव्वदीत घरोघरी केबल आली आणि परदेशी कार्टूनमधली उडणारी, अदृश्य होणारी, डोंगर उचलणारी जनावरं कोल्हापुरात शिरली. ती सगळी आधी सरांच्या वर्गातून पास होऊन जायची. हत्तीएवढा उंदीर आला, तर सर म्हणायचे, "उंची दुप्पट केली की वजन आठपट होतं, पायाच्या हाडाची ताकद मात्र चौपटच. हा उंदीर उभा राहिल्या राहिल्या मोडून पडतो. हत्तीला काही करावंच लागत नाही, त्यानं शांतपणे ऊस खावा." भुंकून भिंत पाडणारं कुत्रं आलं, तर ते स्वतःच्याच भुंकण्याच्या धक्क्यानं मागच्या मागे शाहूपुरीपर्यंत जाऊन पडलं.

एकदा एका मुलीनं अदृश्य मांजर आणलं. मी शेजारच्या वर्गात व्याकरण शिकवत होते, मधली भिंत अर्धीच, त्यामुळे सगळं ऐकू यायचं. सर म्हणाले, "मांजर अदृश्य आहे, म्हणजे उजेड त्याच्या आरपार जातो. डोळ्यांतूनसुद्धा. डोळ्यात उजेड थांबलाच नाही, तर त्याला दिसणार कसं? जे कुणालाच दिसत नाही, त्यालाही कुणी दिसत नाही." पोरं खदखदून हसली. मी खडू हातात धरून तशीच उभी राहिले. मला ते मांजर पुढं कितीतरी दिवस आठवत राहिलं, उगीचच.

सर रोज कुणाकडून तरी झुंज मागून न्यायचे. मुलांकडून, शिपायाकडून, नाहीच मिळाली तर माझ्याकडून. शाळा सुटली की सरळ घरी, कुठं चहाला थांबणं नाही. मला वाटायचं, एकटा जीव, काहीतरी नाद हवा. मग एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी त्यांच्या आईला भडंग द्यायला म्हणून घरी गेले आणि ही जनावरं कुणासाठी जातात ते मला कळलं.

आतल्या खोलीत खाटेवर सरांचा धाकटा भाऊ होता. बाळू. मानेच्या खाली त्याचं काहीच हलत नव्हतं. चेहरा मात्र भरदार होता आणि कान पैलवानाचे, मोडलेले. सर खाटेजवळ स्टूल ओढून बसले आणि त्या दिवसाची झुंज सांगायला लागले. मध्येच बाळू म्हणाला, "थाप नगं हं दादा. गणितात बसतंय काय बघ." सरांनी परत वजनापासून सुरुवात केली. असं त्यांचं रोज चालायचं. बाळू कुशीवर असेल तर सर स्टूल घेऊन त्या बाजूला जाऊन बसायचे.

बाळूला काय झालं, ते म्हातारीनं सांगितलं. चुलीपुढं तांदूळ निवडत, सर तिथंच उभे असताना सांगितलं. बाळू चांगल्या जोडीतला पैलवान होता. सर तेव्हा नुकतेच बी.एस्सी. झालेले. एका जत्रेच्या मैदानात बाळूची कुस्ती त्याच्याहून कितीतरी जड गड्याशी ठरली. घरात सगळे नको म्हणत होते. सरांनी पाटीवर आकृती काढून भावाला धोबीपछाड समजावला. टाच इथं रोवायची, ती टाच म्हणजे टेकू. टेकू पक्का असला की हलका माणूस जड माणसाला पाठीवरून फेकतो. बाळू ते ऐकून मैदानात उतरला. डाव लागता लागता कोसळला, बाळू डोक्यावर पडला आणि त्या गड्याचं सगळं वजन बाळूच्या मानेवर आलं.

"ह्येच्या गणितानं त्येची मान मोडली, बाई," म्हातारी म्हणाली. "पर बोलू कुणाला? दोन्ही माझीच."

सरांनी ताटातला एक खडा उचलून बाजूला टाकला आणि बाहेर गेले.

त्या घरात कुस्तीचं नाव निघत नसे. पेठेत दर गल्लीला तालीम, भल्या सकाळी शड्डूंचे आवाज खिडकीतून आत यायचे, पण बोलायचं नाही. म्हणून ही जनावरं. बाळूला झुंज तर हवी होती. म्हातारी गेल्यावरही त्या दोघांचं हे असंच चालू राहिलं. मी शनिवारी अधूनमधून जायची. खरं सांगू? मला तिथं भीती वाटायची. त्या खोलीत दोन भाऊ तासन् तास झुंजींवर बोलायचे, आणि ज्या एका झुंजीवर दोघेही बोलत नव्हते ती खाटेखाली दबा धरून बसल्यासारखी वाटायची.

अशाच एका शनिवारी बाळू म्हणाला, "दादा, आज माझी झुंज घे. खोंड आनि वळू."

"शक्ती काय?"

"दोन पायांवर हुबी ऱ्हात्यात. येवढीच."

"बरं. आधी वजन सांग."

"खोंड बाहत्तर किलो. वळू सत्त्याण्णव."

मला हसू आलं. म्हटलं, "अरे, सत्त्याण्णव किलोचा वळू? एवढं तर आमच्या मुरगूडला वासरू असतंय."

दोघांपैकी कुणीही हसलं नाही. एरवी वजनात पाच किलोची चूक झाली तरी सर झुंज परत पाठवायचे. त्या दिवशी त्यांनी ते वजन मुकाट्यानं घेतलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला आणि कुठून बोलले असं झालं.

"खोंड वळूला पाठीवर घेतंय," बाळू छताकडे बघत म्हणाला. "टाच रोवतंय. फुडं काय हुतंय, त्ये सांग. आनि निकाली सांग. बरोबरीत सोडवायची न्हाय."

सर म्हणाले, "बघतो."

मग त्यांचं बघणं सुरूच राहिलं. शाळेत शिक्षकांच्या खोलीत मुलं झुंजी घेऊन यायची, सर म्हणायचे, "सध्या एक चालू आहे." मी एकदा न राहवून म्हटलं, "सर, एवढं अवघड आहे का गणित?"

"गणित सोपं आहे, बाई. ते मी बाळू दवाखान्यात होता तेव्हाच केलंय." सर खिडकीबाहेर बघत होते. "पाटीवरची जमीन घट्ट असते. मैदानातली माती मुद्दाम उकरलेली असते, पडलं तर लागू नये म्हणून. मी टाच धरली, पाय धरला, दोघांची वजनं धरली. माती धरली नाही. टाचेवर दोघांचा भार आला आणि टेकू सरकला. त्याचा काही दोष नाही. मी सांगितलं तसाच त्यानं पाय टाकला होता."

"मग हे त्याला सांगितलं नाहीत?"

"कसं सांगू?"

"आणि त्याला काय वाटतं?"

"त्याला वाटतं, आपला पाय चुकला. शुद्धीवर आल्यावर पहिलं तेच म्हणाला होता, 'दादा, पाय चुकला काय गा माजा?' मी म्हटलं, 'तू आता बोलू नकोस.'"

मला असा संताप आला म्हणता. खाटेवर पडलेल्या माणसानं इतकी वर्षं स्वतःच्या पायाला दोष देत काढायची आणि यांनी म्हशी उडवायच्या? मी म्हटलं, "सर, या शनिवारी मी येते. तुम्ही सांगणार नसाल तर मी सांगेन." दरवाजा आपटून वर्गावर गेले. तासभर मुलांना विनाकारण रागावले.

शनिवारी गेले तेव्हा सर आधीच स्टुलावर बसले होते. मला बघून त्यांनी घसा साफ केला.

"खोंड हरतं," सर म्हणाले.

"का?"

"टाच बरोबर पडते. डाव बरोबर लागतो. पण खालची माती सुटते. ज्यानं खोंडाला डाव शिकवला, त्यानं माती धरलीच नव्हती. चूक त्याची." एवढं बोलून सरांनी श्वास घेतला. "माझी, बाळू."

"पाय बरोबर पडल्याला?"

"बरोबर पडलेला."

बाळूनं डोळे मिटले. मग म्हणाला, "झालं तर मग. निकाल लागला. च्या टाक की, दादा."

सर चहा ठेवायला गेले आणि तिथंच भिंतीला टेकून रडले. मी दूध उतू जाऊ नये म्हणून गॅस बारीक केला.

त्यानंतरचे काही महिने त्या घराचे बरे गेले. कुस्तीवरची बंदी उठली. तालमीतली जुनी मंडळी येऊन बसायला लागली. येईल त्याला बाळू सांगायचा, "पाय बरोबर पडल्याला. दादानं गणित केलंय." सर कौतुकानं ऐकायचे. शाळेत शीळ घालायचे, बेसूर. मीही स्वतःवर खूश होते. म्हटलं, आपल्या फटकळपणानं एकदा तरी कुणाचं भलं झालं.

पुढच्या उन्हाळ्यात बाळूच्या छातीत कफ भरला आणि तो गेला.

भेटायला येणाऱ्यांमध्ये एक थोराड माणूस होता, पन्नाशीचा, मोडलेल्या कानांचा, पिकल्या मिशांचा. दारात चपला काढून तो सरांपुढं मांडी घालून बसला. तोच तो गडी. सत्त्याण्णव किलोचा. आता बराच वाळला होता.

"मास्तर, मी परत कुस्ती धरली न्हाय," तो म्हणाला. "दवाखान्यात आलतो मी त्येच्याकडं, तुमी औषदं आनाय गेलता. त्येला सांगिटलं, गड्या, पाय तुजा चुकला न्हाय. माती सुटली. मी वर हुतो, मला पायाखालचं समदं दिसलं. त्यो म्हनला, म्हाईत हाय मला. दादाला बोलू नगंस, त्येला लागंल."

तो माणूस सरांचे हात हातात घेऊन थोडा वेळ बसला, पाणी प्याला आणि गेला.

सर आज नाहीत. साध्या तापाचं निमित्त झालं आणि गेले. आता सांगते ते त्याच्या आधीच्या पावसाळ्यातलं. शाळा सुटून गेली होती, शिक्षकांच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. वर्षभर सरांनी एकही झुंज घेतली नव्हती. मुलांनीही आणायची सोडली होती. मी वह्या तपासत होते.

"बाई, तुम्ही भाषेच्या," सर अचानक म्हणाले. "त्याला सगळं आधीपासून माहीत होतं. मग त्यानं मला विचारलं का?"

मी डोकं वर न काढता म्हणून गेले, "तुम्ही सांगावं म्हणून. तुम्ही कधी सांगताय याची वाट बघत असणार, आणखी काय?"

बोलून गेल्यावर मी वर बघितलं. सर हळूहळू मान हलवत होते.

"म्हणजे तो वाट बघत पडला होता," ते म्हणाले, "आणि मी त्याला रोज जनावरं सांगत बसलो."

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून गेले होते. सरांनी तिकडे बघितलं, लगबगीनं छत्री घेतली आणि घरी कुणीतरी वाट बघत असल्यासारखे झपाझप निघाले. दारापर्यंत गेले आणि तिथं थांबले. मी हाक मारली, पण त्यांनी मागं बघितलं नाही. बराच वेळ ते तसेच दारात उभे होते.