काकांच्या यंत्राची घंटा

वसंतकाकांचं हाताने फिरवायचं गणकयंत्र आज सकाळीच फोडलं गेलं. मिरजोळ्याच्या भंगारवाल्या सलीमभाईंनी दुपारी मला तसं सांगितलं.

काका माझे शेजारी, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. कॅल्क्युलेटर यायच्या आधी पुलांचे हिशेब त्यांनी त्याच लोखंडी यंत्रावर केले. नजर गेल्यावरही ते रोज बोटांनी आकडे चाचपून एखादा भागाकार करायचे. हँडल उलटं फिरवत राहायचं. एक फेरी जास्त झाली की आत घंटा वाजते. मग एक फेरी सुलट दिली की चूक दुरुस्त. "बघायला लागत नाही रे, ऐकलं की झालं," म्हणायचे.

सध्या ते इस्पितळात आहेत. घरी आल्यावर काका अडखळू नयेत म्हणून त्यांच्या मुलाने, मुंबईहून आलेल्या नितीनने, काल खोली मोकळी केली. त्यात यंत्रही गेलं. "दिसत नाही त्यांना, मग वापरत असतील असं वाटलंच नाही," तो मला म्हणाला.

आम्ही दोघं धावलो, पण उशीर झाला होता. "हँडल बघून मला वाटलं, शेवयांचं यंत्र," सलीमभाई म्हणाले. "आधी फोन तरी करायचात." पितळ वेगळं काढतात, म्हणून घंटा तेवढी उरली होती. ती पुसून त्यांनी नितीनच्या हातावर ठेवली. परतताना रिक्षा खड्ड्यात आदळली की ती वाजायची. शेवटी नितीनने ती मुठीत घट्ट धरली.

उद्या सकाळी काका घरी येतील. आल्या आल्या त्यांचा हात खिडकीजवळच्या टेबलावर जाईल. तेव्हा नितीनच्या जागी तुम्ही असता तर काय सांगितलं असतं?