सापडलं नाही तरी फी परत नाही

अमेरिकेत मेलेल्या माणसाची चौकशी करायला जिवंत माणसाला कुठे किती पैसे पडतात, हे माझ्या शेजारणीच्या वडिलांइतकं या अख्ख्या देशात कोणालाच ठाऊक नव्हतं. जुन्या वर्तमानपत्रातली निधनवार्ता हवी असेल तर त्या गावच्या पब्लिक लायब्ररीला कळवायचं. तिथलं कोणीतरी जुने अंक उपसून कात्रण पाठवतं आणि त्याची फी लावतं. ॲरिझोनात चँडलरला लेकीकडे राहायला आलेले बाकीचे नागपूरकर मॉल बघतात, देवळात जातात, नातवंडांच्या मागे धावतात. आमच्या काकांनी लायब्रऱ्या धरल्या. त्यांना ग्रँड कॅन्यनला नेलं, तर वाटेतल्या एका गावात गाडी थांबवायला लावून आत गेले आणि खुशीत बाहेर आले. "इथे फुकट आहे. फक्त तिकीट लावलेलं पाकीट द्या म्हणते. माणसं चांगली दिसून राहिली." पुढे दरीच्या काठावर सगळे फोटो काढत होते आणि हे एका अनोळखी म्हाताऱ्या गोऱ्याला त्याच्या गावचा रेट विचारत होते.

त्यांच्या रागाचं खरं गिऱ्हाईक मात्र ओहायोतल्या एका लहानशा गावची लायब्ररी. पितृपक्ष जवळ आला की काका स्वतःचा चहाचा कप हातात घेऊन माझ्या दारात हजर. मी घरूनच काम करते, म्हणजे रिकामीच असते, असं त्यांचं ठाम मत होतं. "लेकीला सांगू नको. लांबचा भाऊबंद होता एक, त्याचं बघायचं आहे," म्हणायचे. मग मी मीटिंग म्यूट करून लायब्ररीच्या साइटवर त्यांचं आडनाव, तारीख भरायची, कार्डाने पैसे भरायचे, आणि आठवड्याभरात ठरलेलं उत्तर यायचं: सापडलं नाही. फी परत नाही. ती शोधण्याची असते, सापडण्याची नव्हे. काका चिडून फोन लावायला लावत. गाववाल्यांना फुकट आणि बाहेरच्यांना फी, हा नियम तर त्यांना मुळीच मान्य नव्हता. "मॅडम, मी बाहेरचा असेन, पण मेलेला माणूस तुमच्याच गावचा आहे ना? त्याच्या खात्यावर फुकट शोधा." पलीकडची बाई गोड आवाजात सॉरी म्हणायची. त्या लायब्ररीचा एकच नियम त्यांना पसंत होता: फी माणसाला नाही, आडनावाला. एका आडनावाची कितीही माणसं शोधा, पैसे तेवढेच. "एवढं तरी डोकं आहे," असं ते दरवर्षी म्हणत.

मला त्या लायब्ररीचा नाही, पण एकूण प्रकाराचाच संताप यायचा. बातमी छापताना वर्तमानपत्राने ओळीमागे पैसे घेतलेले, ती शोधताना आता आडनावामागे. बरं, इतकं करून काका चिकट म्हणून बदनाम. आमच्या मराठी मंडळात त्यांना बघून लोक हसायचे. मीही हसायचे. फुकटात शोधून मिळावं म्हणून कुठे कुठे फोन करतात, याचे किस्से मीच रंगवून सांगितले आहेत.

मागच्या वर्षीच्या आधीच्या पितृपक्षात फोनवर नवीन बाई होती. तिने विचारलं, तारीख नक्की ना? कारण दिलेल्या तारखेच्या पुढचे-मागचे चारदोन दिवसच आम्ही बघतो. मी काकांकडे बघितलं. "नक्की म्हणजे? तिथी आहे. जुन्या पंचांगातून तारीख काढली," काका म्हणाले. तिथी कोणी सांगितली, असं मी विचारलं. "आईने. एका लग्नात कोणीतरी अमेरिकेहून आलेला भेटला, तो म्हणाला की गेला. आई त्याच दिवशी न्हाली, तीच तिथी धरली." मी कपाळावर हात मारला. अहो काका, ती तो गेल्याची तिथी नाही, तुम्हाला कळल्याची आहे. इतकी वर्षं ते श्राद्ध त्या दिवशी करत होते आणि लायब्ररीलाही तोच दिवस शोधायला लावत होते. त्या बाईला मी हे जमेल तसं समजावलं. ती म्हणाली, मी आधीचं अख्खं वर्ष बघते, जास्तीची फी नको.

दोन दिवसांत कात्रण ईमेलवर आलं. काकांनी ते माझ्या डायनिंग टेबलवर बसून वाचलं. कंपनीतल्या सहकाऱ्यांनी दिलेली छोटीशी बातमी होती. इंजिनिअर होता, एकटा राहायचा, बागेची आवड होती. शेवटी लिहिलं होतं: आई, वडील आणि एकुलता एक भाऊ यांचं यापूर्वीच निधन झालं आहे.

"बाबा गेले होते," काका म्हणाले. "तेवढं बरोबर आहे."

मग कुठे मला कळलं की लांबचा भाऊबंद म्हणजे सख्खा मोठा भाऊ. वडील गेले तेव्हा तो आला नव्हता. रजा मिळत नाही म्हणाला. तेव्हा याच काकांनी फोनवर त्याला सांगितलं होतं, "आम्हाला तू मेलास." त्यानंतर बोलणं नाही. "त्याने माझी आठवण काढली का, एवढंच बघायचं होतं ग मला," काका म्हणाले. "काढली. पण आईला कशाला मारलं? तिचा काय संबंध होता?" मला त्या मेलेल्या माणसाचा इतका राग आला, की तो समोर असता तर मी त्याला चार शब्द सुनावले असते. काकांना आला नाही. त्यांनी मला लायब्ररीला फोन लावायला सांगितला आणि बातमीत दुरुस्ती करायची काय फी आहे ते विचारलं. बाई म्हणाली, आम्ही फक्त शोधून देतो, बदलता येत नाही. काकांनी पहिल्यांदाच वाद घातला नाही. थँक्यू मॅडम म्हणाले. त्या वर्षी श्राद्ध खऱ्या तिथीला झालं. मला जेवायला बोलावलं होतं, आणि वडे जरा कच्चे राहिले होते.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. लेकीने नागपूरच्या पेपरात दिलं, मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर हात जोडलेल्यांची रांग लागली. मी तिला सगळं सांगितलं. मग आम्ही दोघींनी ओहायोतल्या त्या गावच्या पेपरात एक बातमी दिली. तिथे काकांना कोणी ओळखत नाही, काका तिथे कधी गेलेही नव्हते. ओळीमागे पैसे होते, म्हणून थोडक्यात लिहिलं: याच गावात राहून गेलेल्या अमक्यांचे हे धाकटे भाऊ, परवापर्यंत जिवंत होते, दरवर्षी त्यांना शोधत होते. कोण वाचणार आहे म्हणा. पण उद्या कोणी त्या दोघांची चौकशी केलीच, तर त्याला जास्त पैसे पडायचे नाहीत. आडनाव एकच आहे, दोन्ही भाऊ एकाच फीत मिळतील.