शिवकन्या आपली आपण उठती

लिंबागणेशच्या बिभीषणची पोरगी शिवकन्या पहिल्यापासूनच फटकळ. पण डॉक्टर प्रियदर्शनी मॅडम 'औषधानं अर्थपूर्ण फरक दिसत नाही' असं म्हणाल्या, तेव्हा तिच्या नाकपुड्या तेवढ्या फुगल्या. तिच्या आईनं, सुंदरबाईनं, ते बघितलं आन् गुमान पदर सावरून खुर्चीवर जरा लांब सरकली.

पोरीला पोलीस व्हायचं होतं. बीडच्या ॲकॅडमीत राहून पहाटे मैदान मारायची. एक दिवस पाय उचलंना. मास्तर म्हणाले, आळस. पोरी म्हणाल्या, नाटकं. तपासण्या होता होता कळलं, अंगातलं मांस झिजवत नेणारा आजार हाय, लाखात एखाद्याला होणारा. भोगायला मात्र हीच सापडली.

मग खाली बसलं की उठता येईना. पायखान्यात बसली की सुंदरबाईनं काखेत हात घालून ओढून काढायचं. सुंदरबाई रानात गेली की शिवकन्या दिवसभर पाणी प्यायची न्हाई. प्यालं तर जावं लागतं, आन् गेलं तर उठवणार कोण? गोठ्यातल्या जनावराला सुद्धा कुणी असं पाण्यावाचून ठेवत न्हाई.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यानं नवं औषध देऊ केलं. अट एकच. वर्षानं फरक दिसला तर चालू, न्हाई तर बंद. फरक बघायचा दोन गोष्टींत: ठरल्या वेळात पेशंट किती चालतो, आन् घरी आपलं आपण काय काय करतो.

घोळ झाला तो सुरुवातीलाच, औषधाआधीच्या पहिल्या मोजणीत. मॅडमनी सांगितलं, नेहमीसारखं चाल. पण पोरगी भरतीच्या मैदानात घडलेली. समोरच्यानं घड्याळ हातात घेतलं की जीव काढायचा, एवढंच तिला ठाऊक. त्यातून वाटलं, कमी पडले तर औषधच देणार न्हाईत. दात-ओठ खाऊन चालली. मग आठवडाभर खाटेवर पडून होती, ते कुणी मोजलं न्हाई. आन् घरच्या कामांचं विचारायला फोन आला तेव्हा ओट्यावर शेजारची भिवराबाई तूर निवडत बसलेली. लग्नाची पोर. तिला पायखान्यातून ओढावं लागतं, असं भिवराबाईदेखत कोण सांगतंय? सुंदरबाई म्हणाली, "समदं करती की. काय बी अडत न्हाई." पुढचे सगळे फोन तसेच गेले.

"गेल्या वर्षी जेवढं चाललीस तेवढंच यंदा चाललीस," मॅडम म्हणाल्या. "घरची उत्तरं पण तीच. दवाखान्याची समिती औषध थांबवा म्हणते."

तेव्हा कुठं शिवकन्याचं तोंड उघडलं.

"कावून थांबवता? गेल्या साली मरायला टेकलते मी. यंदा चालून खाली गेले, चहा पिऊन वर आले. तुमच्या घड्याळाला दोन्ही सारखंच?"

"मी तर नेहमीसारखं चाल म्हणाले होते."

"अवो मॅडम, आमच्यात चालून दाखव म्हणलं की पोरगी एक तर भरतीला उभी असती, न्हाई तर पाव्हण्यांम्होरं. दोन्हीकडं नेहमीसारखं कोण चालतंय?"

मॅडमनी समोरचा कागद उलटला आन् म्हणाल्या, "आणि आईंनी दर वेळी सांगितलं, सगळं करते."

शिवकन्या आईकडं वळली. "सांग की आता. का इथं बी भिवराबाई बसलीय?"

सुंदरबाईनं मान खाली घातली. शेजारी नवरा बसलेला. ही असली गोष्ट त्या घरात बापासमोर कधी निघाली नव्हती. बिभीषण मांजरसुंब्याच्या ढाब्यावर आचारी.

"तिला नका विचारू, म्या सांगतो," तो एकदम म्हणाला. "पायखान्यात दोरी म्या बांधलती, वरच्या आडव्या पाइपाला. पोरगी आत रडायची आन् मी बाहीर उभा. बापाला आत जाता येतंय का? म्हणून बांधली. तर तिला ती धरून बी उठता येईना. औषध सुरू झालं, मग दोरी धरून उठाय लागली. आन् दिवाळीपासून ती दोरी शेळीला हाय."

"शेळीला?"

"शेळीनं तिची तोडली. पोरीला दोरी लागतच न्हाई तर तिथं लोंबत ठिवून काय करता?"

मॅडमनी पेन उचललं.

"लिहा," शिवकन्या म्हणाली. "शेळीसकट लिहा."

"लिहिते. पण मान्य होईलच असं नाही. फेरमोजणी मागते, तोवर औषध चालू ठेवायला लावते. या वेळी बसून उठणंही मोजू. आणि फोनवर खरं सांगायचं."

परतीच्या गाडीत शिवकन्यानं आईला सोललं. "तुला भिवराबाई संभाळायचीय का मला?"

"तुझ्या लग्नापायीच म्हणलं माय."

"मग फेरे काय तुझ्या काखेत लटकून घेणार व्हते?"

पुढच्या आठवड्यात फोन आला तेव्हा भिवराबाई ओट्यावर होतीच. सुंदरबाईनं फोन कानाला लावला. सवयीनं तोंडून "समदं..." एवढं निघालं. शिवकन्या खाली शेंगा फोडत बसलेली. तिनं गुडघ्यावर हात रोवला, पायाला एक शिवी हासडली, भिंतीला खांदा घासत उठली, आन् आईच्या हातातून फोन घेऊन स्पीकर चालू केला.

"विचारा मॅडम. जरा मोठ्यानं विचारा, इथं एक बाई कमी ऐकती."

भिवराबाईचे कान चांगले शाबूत होते.

"संडासातून स्वतःचं स्वतः उठता येतं का?"

"आज येतं. औषधाच्या आधी आई ओढून काढायची. दोन्ही लिहा. पहिल्या फोनला जे सांगितलं ते खोटं व्हतं, ते बी लिहा."

भिवराबाईनं सूप उचललं आन् तूर तशीच अर्धी निवडलेली घेऊन निघाली.

"गेली," सुंदरबाई कपाळाला हात लावून म्हणाली. "आता दिवेलागणीच्या आत गावभर करती बघ."

"करू दे," शिवकन्या म्हणाली. "तू पाणी दे."

सुंदरबाईनं तांब्या भरून दिला. पोरीनं तो उभ्यानंच घटाघटा रिकामा केला आन् परत पुढं धरला.