लाल चोचीचा पुरावा

कृष्णेचं पाणी एकदा उतरलं की पुढच्या पावसाळ्यापर्यंत चढत नाही, तेव्हा समुद्राचंही चढणार नाही, असं मी धरून चाललो. या एका समजुतीपायी माझ्या मामेसासऱ्यांच्या फोटोच्या काचा, एक सोडून सगळ्या, अरबी समुद्रात गेल्या. पण माझ्या शहाणपणाकडे वळण्याआधी मामांविषयी सांगायला हवं. पाखरांच्या प्रेमापायी माणसांचा इतका छळ केलेला गृहस्थ सातारा जिल्ह्यात दुसरा झाला नाही. सांगलीकडे तर मी स्वतः चौकशी केली आहे.

मामा मूळचे कोरेगावाजवळच्या एका खेड्यातले, साताऱ्याच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. पांढऱ्या कापडाला पाखरं बुजतात म्हणून त्यांनी आपली सगळी धोतरं काव कालवून रंगवली होती. मामींच्या दोन पांढऱ्या लुगड्यांनाही तोच रंग आणला, कारण ती मागच्या दारी वाळत पडत आणि तिथं एका दयाळानं घरटं केलं होतं. एकदा कोरेगावच्या बाजारात मामा तारेवरच्या पाखराकडे मान वर करून पुतळ्यासारखे उभे होते. त्या मळकट भगव्या धोतराकडे पाहून एका म्हातारीला वाटलं, बैरागी मौनात आहे. तिनं पसाभर जोंधळे पुढं केले. बोललं तर पाखरू उडेल म्हणून मामांनी मुकाट्यानं टोपी उलटी धरली आणि जोंधळे घेतले. वर मागं आणखी दोघीजणी उभ्या राहिल्या, त्यांचंही घेतलं. आमच्याच एका चुलत्यांच्या दहाव्याला याहून कठीण प्रसंग आला. कृष्णेकाठी पिंडाला कावळा शिवत नव्हता. पोरंबाळं उपाशी, ऊन डोक्यावर आलेलं. अखेर एक कावळा उतरला, त्यानं पिंडाला चोच लावली, सगळ्यांनी सुटलो म्हणून हात जोडले, आणि मामा म्हणाले, "ह्यो डोमकावळा. गावकावळा न्हवं. भटजीबुवा, ह्यो चालतो का?" भटजींनी आयुष्यात हा विचार केला नव्हता. ते विचारात पडले. आम्ही तिसऱ्या प्रहरी जेवलो.

अशा माणसाला आयुष्यात एकच दुःख होतं, आणि तेही पाखराचंच. फार वर्षांमागं कोणाच्या तरी लग्नाला ते कोकणात उतरले होते. तिथं खडकांवर त्यांना एक काळंपांढरं पाखरू दिसलं, लांब लालभडक चोचीनं शिंपले फोडून खाणारं. कालवफोड्या म्हणतात त्याला. मामांनी त्याचं रंगीत चित्र काढून शाळेत लावलं. हेडमास्तरांनी सगळ्या वर्गांसमोर ते न्याहाळलं आणि म्हणाले, "मास्तर, कावळ्याच्या तोंडात गाजर दिलंत की." चित्र भिंतीवरून उतरलं, पण गाजर मामांच्या मागं कायमचं लागलं. पुढं दोघंही पेन्शनीत निघाले, रोज संध्याकाळी मामांच्याच ओट्यावर एकत्र बसू लागले, तरी हेडमास्तरांनी शब्द मागं घेतला नाही. "मी मरायच्या आत त्यांनी एकदा म्हणावं, मास्तर, तुमचं खरं व्हतं. बास," असं मामा मला म्हणाले. म्हणून कॅमेरा. आणि तो वाहून न्यायला मी. मी सांगलीच्या हायस्कुलात शास्त्र शिकवतो, त्यातही विशेष करून प्रकाश आणि भिंगं, हे मामींना फार भरवशाचं वाटलं होतं.

लढाई नुकतीच संपली होती. मोटारी अजून कोळशावर चालत, आणि कुंभार्ली घाटाच्या अलीकडच्या चढांवर उतारूंवर चालत. आम्ही मोटार ढकलली, चिपळुणात उतरलो, बैलगाडीनं गुहागर गाठलं. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या यजमानांनी रात्री कोजागिरीचं दूध दिलं आणि पहाटे खडकांची वाट दाखवली. समुद्र दूरवर मागं सरलेला, मधे उघडी वाळू आणि काळे खडक. मी काचांची पिशवी, शिदोरी आणि आमच्या दोघांच्या वहाणा एका सखल खडकावर नीट मांडल्या.

"हितं पानी येत न्हाई ना?" मामांनी विचारलं.

"मामा, पाऊस संपला. आता कुठलं पाणी?" मी म्हणालो. मामांना ते पटलं. कृष्णाकाठच्या माणसाला न पटण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मग मामा काळ्या फडक्याखाली शिरले. तिवईचा एक पाय वाळूत रुतत होता, तो मी धरून बसायचा असं ठरलं. कालवफोडे दिसले, पण लांब, पाण्याच्या कडेला. उन्हं वर आली. मला शिंक आली, ती मामांनी फडक्यातूनच, "गिळा," म्हणून परत पाठवली. मग पायाला गार लागलं. पाहिलं तर घोट्याएवढं पाणी.

"मामा, पाणी आलं."

"येऊ द्या. पान्यानंच पाखरू आपल्याकडं रेटलंय. हलू नगा, लय बुजरं हाय."

किनाऱ्यावरून यजमान हातवारे करत ओरडत होते, "अहो घाटावरचे, वर या! भरती लागली, पुनवेचं उधाण आहे!" मी मागं वळून पाहिलं, तर माझा सखल खडक जागेवर नव्हता. माझी डावी वहाण तेवढी शांतपणे दाभोळच्या दिशेनं निघाली होती.

"मामा, काचा गेल्या."

 फडक्याखालून आवाज आला, "एक आत हाय. पाय घट्ट धरा."

पाणी मांडीला लागलं तेव्हा एक कालवफोड्या उडत येऊन समोरच्याच खडकावर उतरला. त्यानं शिंपला फोडला, मान वळवली, आणि ती चोच उन्हात अशी काही पेटली की मी तिवई, पाणी, वहाणा सगळं विसरलो. खटका पडला. मामा फडक्याबाहेर आले. कॅमेरा डोक्यावर घेऊन आम्ही छातीभर पाण्यातून बाहेर पडलो, आणि मामा वाटभर पोरासारखे हसत होते.

साताऱ्यात काच धुतली, फोटो छापला. असा फोटो मी पुन्हा पाहिला नाही. पीस न् पीस मोजून घ्यावं. ओट्यावर हेडमास्तरांनी चष्मा पुसला आणि फोटो कंदिलाजवळ नेला. त्यांना मनापासून आवडला हे त्यांच्या तोंडावरच दिसत होतं.

"मास्तर, काम अव्वल आहे," ते म्हणाले. मग जरा अवघडून म्हणाले, "पण चोच तर काळी आहे."

मामांनी फोटो हातात घेतला. काळं पाखरू, पांढरं पोट, काळी चोच. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दोन जिल्हे, एक घाट आणि एक समुद्र पालथा घालताना आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं की फोटोत लाल रंग येत नाही. मी चाचरत म्हणालो, फोटोवर रंग भरून देणारे असतात, चोच तेवढी लाल करून घेऊ.

"मी रंग भरला तर त्यो माझा रंग," मामा म्हणाले. "त्यो मी पयलाच भरला व्हता."

फोटो माजघरात लागला, तसाच, काळ्या चोचीचा. पुढं मामांची नजर अधू होत गेली. दयाळ आणि चिमणी यांत फरक कळेना, तरी संध्याकाळी ते त्या फोटोपुढं थोडा वेळ उभे राहत. एकदा मी मागं जाऊन उभा राहिलो. "जावईबापू," ते म्हणाले, "मला ती लालच दिसती बगा. तुमाला?" मीही हो म्हणालो, आणि त्यात खोटं काही नव्हतं. आम्ही दोघं तसेच उभे होतो, तोच मामी आतून कंदील घेऊन आल्या. मामांना त्या काही बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, "त्यास्नी येड हाय हे मला लगीन झाल्यापास्नं ठावं हाय. तुमास्नी शाणं समजून संगट धाडलं व्हतं."