मागून येणारी दमणी

आमच्या अकोल्याच्या घरातून कोणी पायी निघायचं म्हटलं, की माणूस फाटकाबाहेर पडायच्या आत दोन किस्से तयार! माझ्याकडे तर साठाच झालाय.

माझा नवरा माधव (मी नाव घेते, घरच्यांना होईल सवय) वकील. शेतावरही दमणीत, म्हणजे बैलांच्या हलक्या गाडीत, बसून जाणारा. मी अमरावतीच्या कॉलेजात असताना मैत्रिणींबरोबर मेळघाट पायी हिंडलेली. त्यालाही ते जंगल दाखवायचं म्हणून सोपा बेत आखला. सेमाडोहजवळची नदीकाठची सपाट वाट, पाठीवर हलकी पिशवी.

मामंजी म्हणाले, "पायी? लोक इचारतील, ह्यायचे बैल मेले काय?"

शेवटी परवानगी मिळाली, पण अटीवर. मामंजी मागून बैलांच्या दमणीत येणार. माधव एकदा जरी तीत बसला, तर पुन्हा असल्या सहलीचं नाव काढायचं नाही.

*

नवे बूट रोज घालून मऊ करायला मी माधवला बजावलं. आमच्याकडे कष्टाचं काम गड्याला सांगायची रीत. बूट मऊ झाले, सखारामच्या पायात! तो अजून ते घालून बाजारात जातो.

*

सरावाला बार्शीटाकळीकडे चालत निघालो. ओळखीची प्रत्येक गाडी थांबायची. "बसा न वकीलसाहेब, काहून लाजवून राहिले?" दोन गाड्या मी परतवल्या. तिसरीत माधवच्या आत्याबाई होत्या. बार्शीटाकळीला आम्ही गाडीतून उतरलो. हो, मीसुद्धा.

*

सासूबाईंनी माधवच्या पिशवीत उशी कोंबली. मी काढली. जंगलात पिशवी उघडली, तर उशी हजर आणि भाकरी गायब. भाकरी मामंजींच्या दमणीत!

*

दुपारी माधवच्या टाचेला फोड आला. दर वळणावर मागून हाक यायची, "बस रे बाप्पा." मला त्याचे हाल बघवेनात. म्हटलं, "बस तू. मी काही बोलणार नाही."

त्याने मान हलवली आणि लंगडत पुढे गेला. नदीच्या वळणावर एकदम थांबला. वर फांदीवर शेकरू, भलं मोठं, तांबूस. मागे वळून त्याने हलकेच मामंजींना बोलावलं, "बाबा, खाली या. घुंगरांनी पळंल ते."

मामंजी उतरले. शेकरू या झाडावरून त्या झाडावर, आणि मामंजी त्याच्या खालून. दमणीची आठवण कोणी काढली नाही.

संध्याकाळी मुक्कामाला, जंगलखात्याच्या बंगल्यावर, बापलेक एकाच घमेल्यात पाय बुडवून बसले होते. गाडीवान उद्याचं विचारायला आला.

मामंजी म्हणाले, "उद्या तू दमणी घेऊन पुढं जा. आमी येतो मागून."