मिहिरच्या मापाचा कागद

माझ्या मुलाच्या, मिहिरच्या, लग्नाचा सूट कोणी शिवायचा हे ठरवायला मला खरं तर दोन मिनिटंसुद्धा लागायला नको होती. ठरलेलंच होतं ते. मीच ठरवलं होतं, माझ्याच तोंडाने, सुभाष मास्टरच्या दुकानात बसून, त्याचाच चहा पीत. आणि मग मीच शहाणा झालो. हे वाचून कुणाला माझा राग आला तर खुशाल येऊ दे. मला तर रोज येतो.

सुभाष वडप्याच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा. त्याचा बाप दुसऱ्यांच्या माळावर गवत कापायला जायचा. पोराच्या हातातही विळाच यायचा, पण आली कात्री. भिवंडीत मंडईच्या मागच्या गल्लीत एक उस्ताद होते, फक्त कोट शिवणारे. त्यांच्याकडे सुभाष काज-बटणाला लागला, तो तिथेच राहिला, आणि उस्तादांच्या मागे दुकान त्याने चालवलं. दुकान म्हणजे काय, दोन मशीन, कटिंगचं टेबल, एक उभा आरसा. आजूबाजूला दिवसभर लूमची खडखड, त्यामुळे सुभाषला मोठ्याने बोलायची सवय लागायला हवी होती. पण गडी बोलायचाच कमी.

आरशाशेजारच्या भिंतीवर खिळे होते आणि खिळ्यांना खाकी कागद टांगलेले. ज्याने ज्याने कोट शिवला त्याच्या मापाचा कागद. पाठ, पुढा, बाही असे कापलेले तुकडे, वर पेन्सिलने नाव. शिंपी लोक याला फर्मा म्हणतात, सुभाष नुसतं 'कागद' म्हणायचा. गिऱ्हाईक वारलं तरी त्याचा कागद टाकायचा नाही. मी एकदा म्हटलं, "अरे, हे गृहस्थ आता कुठे कोट शिवायला येणार आहेत?" तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे, भाऊसाहेब. जागा किती लागते त्यांना."

मला सगळे भाऊसाहेब म्हणतात. शाळेत हेडक्लार्क होतो, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. माझे कपडे तीस वर्षं सुभाषनेच शिवले. एकदा चहा पिता पिता त्याने मला त्याच्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली होती. म्हणाला, "कोणाचं अंग सरळ नसतं. कोणाला पोक, कोणाचा एक हात लांब. उस्ताद सांगायचे, माणसाचं उणं त्याला बोलून दाखवायचं न्हाय. कापडात झाकायचं. तो आरशात बघत असला की आपण फक्त म्हनायचं, चांगलं बसलंय." मी हसलो. म्हटलं, "म्हणजे मला आजवर जे चांगलं बसलंय म्हणालास ते?" तो कात्रीला तेल घालत राहिला. लबाड.

मिहिर नऊ वर्षांचा असताना शाळेच्या कुंपणावरून पडला. खांद्याजवळचं हाड मोडलं, आणि जुळलं ते वाकडं. उजवा खांदा बोटभर खाली राहिला. डॉक्टर म्हणाले, काही त्रास नाही, मोठेपणी जाणवणारही नाही. आणि खरंच आम्हाला कधी जाणवलं नाही. शाळेचा गणवेश, कॉलेजचे शर्ट, पहिल्या मुलाखतीचा कोट, सगळं सुभाषकडचं. मी आणि माझी बायको माधवी तर विसरूनच गेलो, आणि मिहिरला पडल्याचं आठवत होतं, खांद्याचं ठाऊकच नव्हतं. आम्हाला वाटलं वयाबरोबर भरून आला असेल. कसला भरतोय. सुभाष एका बाजूला जास्तीचा थर घालत होता आणि काही बोलत नव्हता.

मागच्या पावसाळ्यात सुभाष म्हणाला की तो दुकान सोडणार आहे. तयार कपड्यांच्या दिवसांत कोट शिवायला येतं कोण? महिन्याला एखादं काम, तेही पँटची उंची कमी करायचं. "आताच सोडलं असतं," तो म्हणाला, "पन मिहिरचं लगीन हाय ना फेब्रुवारीत. त्याचा सूट करतो आन मग कात्री खाली ठेवतो. शेवटचं काम आपल्या पोराचं व्हावं, काय?" मी म्हटलं, "मग! तुझ्याशिवाय कोण शिवणार?" शब्द दिला. त्याने त्या एका सूटसाठी सात-आठ महिने दुकान उघडं ठेवलं, हे मला ठाऊक होतं. नव्हतं असं म्हणायची सोयच नाही.

दिवाळीनंतर माझ्या मावसभावाच्या, रामनाथच्या, मुलाचं लग्न झालं. नवरदेवाचा सूट ठाण्याच्या मोठ्या शोरूममधला. कोटाच्या आत रेशमी पट्टीवर मुलाचं नाव विणलेलं. रामनाथ मांडवात दिसेल त्याला कोट उघडून ते नाव दाखवत होता. मलाही दाखवलं, आणि वर विचारलं, "तुमचं काय मग? मंडईतलाच मास्टर का?" झालं. माझ्या डोक्यात ते जे घुसलं ते घुसलंच. मिहिरचं सासर कल्याणचं, शिकलेली माणसं, व्याही बँकेत मॅनेजर. त्यांच्यापुढे पाड्यावरच्या शिंप्याने शिवलेला सूट? आता लिहितानाही लाज वाटते, पण मी अगदी असाच विचार केला.

मिहिर म्हणाला, "बाबा, सुभाषकाकांकडेच टाकू ना. त्यांना माझं माप पाठ आहे." मी म्हटलं, "लग्न एकदाच होतं, तू गप बस." माधवी म्हणाली, "शब्द दिलाय तुम्ही." तिलाही गप बसवलं. आम्ही ठाण्याला गेलो. तिथे एसी, कॉफी, भिंतभर कापडाचे नमुने. एका मुलाने मिहिरची मापं घेऊन टॅबमध्ये टाकली, पाच मिनिटांत काम खलास. मी खूश.

सुभाषला काय सांगायचं हा प्रश्न होता. दोन दिवसांनी तोच रस्त्यात भेटला. "कापड कधी आनताय, भाऊसाहेब? दिवस थोडे ऱ्हायले." मी पटकन म्हणून गेलो, "अरे, काय करू, मुलीकडचे मानाचा सूट देणार आहेत. त्यांची हौस. नाही कसं म्हणायचं?" आपल्याकडे मुलीकडून नवरदेवाला पोशाख येतो, यात शंका घेण्यासारखं काही नव्हतंच. सुभाषचा चेहरा उतरला, पण म्हणाला, "बरोबर हाय. मान त्यांचा." आणि गेला. मला वाटलं, सुटलो.

चार-पाच दिवसांनी कल्याणहून व्याह्यांचा फोन आला. आवाज अवघडलेला. "एक विचारायचं होतं. मानाचा सूट आमच्याकडून, असं काही ठरलं होतं का? बैठकीत तर अंगठीचंच बोलणं झालं होतं. तुमचे एक मास्टर येऊन गेले आत्ता."

झालं होतं असं. सुभाषने मिहिरचा कागद नव्याने काढला होता. गणपतीत त्याने मिहिरला पाहिलं होतं, तेवढ्यावरून कंबर वाढवली, पाठ वाढवली. मग तो कागद वर्तमानपत्रात गुंडाळून एसटीने कल्याणला गेला, पत्ता विचारत व्याह्यांच्या घरी पोचला आणि हात जोडून म्हणाला, "तुमच्या शिंप्याला एवढा कागद द्या. याच्यापरमानं कापा म्हनावं, आपलं डोकं लावू नका." खांद्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. सासरी नवऱ्या मुलाचं उणं कशाला सांगायचं? पाणी प्यायला आणि परतला.

पण व्याह्यांना वाटलं, आम्ही शिंपी पाठवून आडून सूट मागतोय. लग्न वीस दिवसांवर आणि मी हुंडा मागणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसलो. फोनवर काहीबाही सारवासारव केली आणि तणतणत मंडईत गेलो. सुभाष टेबलापाशी उभा होता, बाकावर दोन-तीन जण बसले होते. सगळ्यांसमोर मी त्याला झाडला. "तुला कोणी सांगितला होता हा आगाऊपणा? माझं नाक कापलंस कल्याणात. शिंपी आहेस, शिंप्यासारखा राहा."

खोटं मी बोललो होतो आणि बोलणी तो खात होता. त्याला अजूनही वाटत होतं की सूट व्याहीच देताहेत. तो एवढंच म्हणाला, "चुकलं माझं, भाऊसाहेब. पोराला नीट बसावा म्हनून गेलो." मी पायरी उतरलो. मागे वळून बघितलं नाही.

शोरूमचा ट्रायल आठवडाभराने ठरला होता, तो लांबत लांबत लग्नाच्या चार दिवस आधी झाला. मिहिरने कोट घातला आणि तीन आरशांसमोर उभा राहिला. उजवीकडे कॉलर मानेपासून सुटलेली, खांद्यापासून बटणापर्यंत तिरपी चुणी. मिहिरने कोट ओढून बघितला, पुन्हा घातला, चुणी तिथेच. आतला मास्टर आला, त्याने दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सर, फॉल्ट शिलाईत नाही. तुमच्या बॉडीतच आहे. एक खांदा डाऊन आहे." मिहिर तिशीचा. स्वतःच्या अंगाची ही गोष्ट त्याला लग्नाच्या चार दिवस आधी परक्या माणसाकडून कळली. तो आरशात बघतच राहिला. त्यांनी आत एक जाडा थर घातला तर खांदा गाठ आल्यासारखा दिसायला लागला. शिलाईच्या आत दाबाचं कापड ठेवलंच नव्हतं, मोकळं करायला काही वावच नाही.

गाडीत मिहिर म्हणाला, "सुभाषकाकांना दाखवू या. ते काहीतरी करतील." आवाज लहानपणी पडला होता तेव्हासारखा.

मी म्हटलं, जाऊन येतो. दुपारची वेळ होती. कोट पिशवीत घालून मी गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. दुकान उघडं होतं. सुभाष मशीनवर हात ठेवून रिकामा बसला होता. वीस पावलं. वीस पावलं गेलो असतो, माफी नाही मागितली तरी चाललं असतं, नुसती पिशवी पुढे केली असती तरी त्याने घेतली असती. चार दिवसांत त्याने नवा कोटसुद्धा उभा केला असता. पण सोळा दिवसांपूर्वी त्या दुकानात मी जे बोललो होतो ते आडवं आलं. कुठल्या तोंडाने जायचं? मी परत फिरलो आणि घरी सांगितलं, दुकान बंद आहे, तो पाड्यावर गेलाय.

लग्न झालं. सगळ्या फोटोंत मिहिरने उजवा हात खिशात घातलाय, म्हणजे खांदा वर उचललेला राहील. जेवताना तेवढा बाहेर काढला. सुभाष आला नाही. पत्रिका आधीच दिली होती, तरी आला नाही, आणि त्याने का यावं? एप्रिलमध्ये त्या दुकानात मोबाईलवाला आला.

सूनबाई अदिती माहेरून तिचं सामान घेऊन आली, त्यात वर्तमानपत्राची ती गुंडाळी होती. म्हणाली, "बाबांनी जपून ठेवलेलं. ते मास्टर म्हणाले होते, दुमडू नका." मी ती आतल्या खोलीत कपाटावर ठेवली. रोज नजर जायची. शेवटी मे महिन्यात एका सकाळी माधवी म्हणाली, "जा आणि पाय धरा त्याचे. नाहीतर हे घरात ठेवू नका." मी निघालो.

सुभाष वडप्याला एका गोदामात लागला होता. लोक ऑनलाइन कपडे मागवतात आणि बसले नाहीत की परत पाठवतात, ते परत आलेले कपडे तपासून, घडी घालून पुन्हा पिशवीत भरायचे, हे त्याचं काम. जेवणाच्या सुट्टीत तो बाहेरच्या टपरीवर आला. अंगात चकाकत्या पट्ट्यांचं जाकीट, त्याला दोन मापं मोठं. मला बघून आधी थबकला, मग हसला. "भाऊसाहेब, तुमी? बसा, चहा सांगतो." म्हणजे पुन्हा त्याचाच चहा.

रस्ताभर मी वाक्यं जुळवत आलो होतो. सूट तुझ्याकडून काढून घेतला तो मीच, खोटं बोललो, तुला सगळ्यांसमोर बोललो ते चुकलो. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्याने विचारलं, "मिहिरचा सूट कसा झाला? त्यांच्या शिंप्यानं कागद वापरला ना?" त्याच्या डोळ्यांत इतकी आशा होती की माझी जीभ भलतीकडेच वळली. "वापरला ना," मी म्हणालो. "अगदी कागदाप्रमाणेच कापला. हा घे, तुझा तुला परत द्यायला आलो."

त्याने गुंडाळी सोडली. पाठीचा तुकडा काढून कडेवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघितलं. कागद ठेवून कापड आखलं की कडेला खडू लागतो, हे मला त्या क्षणी आठवलं. त्याचं बोट कोरडं होतं.

"फोटो हाय का?" त्याने विचारलं. मी फोन दिला. नाही म्हणणार कसं? त्याने दोन बोटांनी मिहिरचा फोटो मोठा केला, आधी कॉलर बघितली, मग खांदा, मग खिशातला हात. बराच वेळ बघितलं. चहावाल्याने ग्लास आणून ठेवले तरी त्याची मान वर झाली नाही. मग त्याने फोन जाकिटाला पुसला, माझ्या हातात दिला, आणि तीस वर्षं आरशाशेजारी उभं राहून ज्या आवाजात म्हणायचा त्याच आवाजात म्हणाला, "चांगलं बसलंय, भाऊसाहेब."

आणि मी, माफी मागायला गेलेला माणूस, "हो ना" म्हणालो आणि चहा प्यायलो.